जिथल्या तिथे

हिरव्या वस्तीची माणसं दुपारनंतर यायची होती, आणि वहिनीनं सकाळपासून स्वयंपाकघर पालथं घातलं होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून अशी मुभा तिला पहिल्यांदाच मिळाली होती. आदल्या दिवशी तिनं भीत भीत विचारलं होतं, पाहुणे येणार आहेत तर फडताळ जरा वेगळं लावू का? सासूबाईंनी भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हटलं होतं, "लाव तुला हवं तसं." वहिनीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण तिनं पुन्हा विचारलं नाही. मिळालेली परवानगी दोनदा विचारली की परत जाते, एवढं ती या घरात शिकली होती.

घराचा कायदा एकच होता: वस्तू जिथल्या तिथे. तो बाबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, घालून दिलेला. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची अक्षरं लाकडी पेट्यांच्या खणांत पडलेली असत, आणि कुठलं अक्षर कुठल्या खणात हे बोटांना पाठ असल्याशिवाय त्या धंद्यात कुणी टिकत नसे. लग्नानंतर आई, म्हणजे सासूबाईही, तिथंच लागल्या, छापून झालेली अक्षरं परत आपापल्या खणांत टाकायला. दोघांनी संसारही तसाच मांडला. मीठ ओट्याच्या कडेपासून चार बोटं आत, कात्री दारामागच्या हुकाला, कप ट्रेमध्ये आणि ट्रे टेबलाच्या कोपऱ्याला टेकून. पुढे छापखाना बंद पडला, बाबाही गेले, कायदा मात्र राहिला.

नवी नवरी असताना वहिनीनं साखरेचा डबा वरच्या फळीवरून खाली घेतला होता, हाताला सोपा म्हणून. संध्याकाळी डबा पुन्हा वर. तिनं तो परत खाली घेतला, तो परत वर गेला. सासूबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. वहिनी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. शहरभरच्या नळांचं पाणी तिथं बाटल्यांतून यायचं, आणि कुठली बाटली कुठं ठेवायची हे लोक तिला विचारायचे. घरी आली की ती भाडेकरू व्हायची. भाडेकरूनंसुद्धा भिंतीला एखादा खिळा ठोकलेला असतो.

म्हणून ती वस्ती तिच्या मनात घर करून बसली होती. ती आणि तिचा नवरा, दादा, जाऊन पाहून आले होते. लहान लहान घरं, छपरांवर उन्हानं तापणारं पाणी, पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या, चार घरांत मिळून एक धुण्याचं यंत्र. गाडी कुणाकडे नाही. घरांना स्वतंत्र स्वयंपाकघर नाही, सगळ्यांचं मिळून एकच, मोठ्या खिडक्यांचं. तिथं स्वयंपाकाची पाळी बदलली की फळ्यांवरच्या वस्तूही बदलायच्या, ज्याला जिथं सुचेल तिथं तो ठेवायचा. वहिनीनं हातातली वाटी मुद्दामच भलत्या फळीवर ठेवून पाहिली. ती कुणी उचलली नाही. मग ती पंपाच्या खोलीमागे जाऊन रडली. दादानं ते पाहिलं, आणि त्यानं त्याच दिवशी ठरवलं की आपण इथं यायचं.

पण दादानं ठरवून भागत नव्हतं. हे घर विकल्याशिवाय तिथली जागा मिळत नव्हती, आणि वस्तीची एक रीत होती. तिथली दोन माणसं आधी तुमच्या घरी चहाला येणार, आणि निघताना घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला विचारणार, हो की नाही. कारण विचारायचं नाही. एक जण नाही म्हणाला की विषय संपला.

नाही कोण म्हणणार, याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. चिमी म्हणणार.

चिमी दादाची धाकटी बहीण. पन्नाशीला टेकली तरी अजून चिमीच. लग्न केलं नाही. पुढच्या खोलीत शिलाई यंत्र घालून ती लोकांचे पडदे आणि शाळेचे गणवेश शिवायची. घर विकलं तर तिची खोली जाणार. तेव्हा चिमी आपल्या खोलीसाठी अडून बसली आहे, असं दादा उघड म्हणायचा आणि वहिनी मनात म्हणायची. चिमीनं ते कधी खोडलं नाही. आळ घेणं तिला सोपं होतं, कारण खरं सांगायला तिला मनाई होती.

खरं असं होतं, की आईला दिसत नव्हतं.

मागच्या थंडीत एकदा चिमी बाहेरून आली तेव्हा आई तिच्याच खोलीत बसून तिच्याशीच बोलत होती. पडदे लांब झालेत, थोडे वर घे, असं काहीतरी. समोरच्या खुर्चीवर चिमीचा कोट टाकलेला होता. चिमी दारात उभी राहून कोटाशी चाललेलं ते बोलणं ऐकत राहिली. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा झिजलाय, उजेड आणि सावली एवढंच उरलंय, याला औषध नाही. दवाखान्यातून परतताना आईनं रस्त्यात थांबून चिमीकडून वचन घेतलं. दादाला कळता कामा नये.

त्याला कारण होतं. दादा लिफ्ट तपासायचं काम करायचा. दोर, दारं, कुलपं बघायची आणि जिथं शंका आली तिथं 'वापरास अयोग्य' असा शिक्का मारून मोकळं व्हायचं. कामात ते शंभर टक्के बरोबर. पण बाबा जिन्यावर एकदा घसरले, आणि त्यानं बाबांनाही तोच शिक्का मारला. पलंग खाली आणला, त्याला दांडे लावले. त्यांच्या चहाच्या लहान शेगडीचं बटण काढून घेतलं. वाचनालय बंद, जिना बंद. स्वतः पायी जाऊन वर्तमानपत्र वाचून येणाऱ्या माणसाला हिवाळा संपेपर्यंत पाणी पाजायला माणूस लागू लागलं. दादानं रात्रंदिवस सेवा केली, त्यात खोट काढायला जागा नाही.

"त्यानं बाबांना प्रेमानं आजारी केलं," आई चिमीला म्हणाली होती. "त्याला ते अजून कळलेलं नाही. कळायलाही नको. पण माझा पलंग खाली येता कामा नये."

आणि आईला जमतही होतं. या घरात तिला डोळ्यांची गरजच नव्हती. अख्खं घर म्हणजे तिच्या हाताखालची पेटी होती, हात टाकला की अक्षर मिळायचं. दादाला आणि वहिनीला पत्ता लागला नाही तो त्यामुळेच. म्हातारीचा हट्ट वाढलाय, एवढंच त्यांना दिसायचं.

आज सकाळी, वहिनी फडताळ रिकामं करत असताना, आई भिंतीच्या कडेनं चिमीच्या खोलीत आली आणि म्हणाली, मी हो म्हणणार आहे.

चिमीचं यंत्र थांबलं. तिनं हळू आवाजात आईला जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. तिथं कुठली वस्तू कुठं आहे हे रोज बदलतं, तू तिथं करणार काय? आई म्हणाली, कोपऱ्यात बसेन, म्हाताऱ्या बसतातच.

"मग हो कशासाठी?"

"तुझ्या वहिनीनं माझ्यापुढे इतकी वर्षं तोंड उघडलं नाही. तेवढ्यासाठी." आईनं यंत्राच्या कडेवरून बोट फिरवलं. "आणि तू नाही म्हणू नकोस. दादा तुझं तोंड पाहणार नाही."

पण चिमीनं नाही म्हणायचं पक्कं केलं होतं. आईसाठी, असं ती स्वतःला सांगत होती. खोलीसाठी किती आणि आईसाठी किती, हे मात्र तिला स्वतःलाही नीट वेगळं करता येत नव्हतं, आणि त्याचं तिला वाईट वाटत होतं.

पाहुणे आले तेव्हा दादा खुशीत होता. एक होत्या निवृत्त शिक्षिका, जन्मभर गणित शिकवलेल्या, आणि दुसरा वस्तीची बाग सांभाळणारा अबोल माणूस. बागवानानं येताना एक रोप आणलं होतं, कान तुटलेल्या कपात लावलेलं. आमच्याकडे काही टाकत नाहीत, बाई म्हणाल्या, फुटक्या कपाचीही सोय होते. कुणीतरी हसलं. बागवानानं तो कप ठेवायला जागा शोधली. वहिनीनं आज कप आधीच ज्याच्या त्याच्या पुढ्यात मांडले होते, तेव्हा टेबलाच्या कोपऱ्यावरचा ट्रे रिकामा होता. त्यानं रोप ट्रेमध्ये ठेवलं.

दादा स्वयंपाकघराकडे पाहत होता. फळीवर काचेच्या बरण्या ओळीनं लागल्या होत्या, आणि आईनं सकाळपासून कपाळाला आठी घातली नव्हती. त्याला वाटलं, जमलं. माणसं बदलतात, आपण उगाच धीर सोडतो. चिमीचं काय ते बघू, आई हो म्हणाली तर चिमी एकटी किती ताणणार.

आई किटली घेऊन आल्या. "साखर घातलेली नाही," त्या बाईंना म्हणाल्या, "लागेल तेवढी घ्या." मग त्यांच्या डाव्या हाताच्या बोटानं ट्रेमधल्या कपाची कड शोधली, आणि त्यांनी सावकाश, अगदी नेमका, उकळता चहा रोपावर ओतला.

माती फुगली. चहा कडेवरून ट्रेमध्ये उतरला. आईंनी किटली सरळ केली आणि कप बाईंच्या दिशेनं सरकवला.

"घ्या."

पानं वाफेत लोळागोळा होत होती. दादा खुर्चीतून अर्धवट उठला.

"आई, हे काय केलंस?"

आई थांबल्या. त्यांचं बोट पुढं गेलं आणि पानाला लागलं. क्षणभर ते तिथंच राहिलं. मग त्या ताठ झाल्या.

"मला तुमचं रोप नको होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून ओतला."

दादाला याचा एवढासुद्धा अचंबा वाटला नाही. मागं घर बघायला दलाल आला होता, तेव्हा याच आईनं काही न बोलता त्याचे बूट रस्त्यावर नेऊन ठेवले होते आणि तो बूट बघायला बाहेर गेल्यावर दार लावून घेतलं होतं. घरात तो किस्सा हसत हसत सांगितला जायचा. आज दादाला हसू आलं नाही. परक्या माणसांनी प्रेमानं आणलेल्या वस्तूवर उकळता चहा ओतणारी बाई आपली आई आहे, याची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तिचा राग आला. चिमी उठून "दादा," एवढंच म्हणाली, तोच आईनं तिला तोडलं. "चिमी, फडकं आण." चिमीनं फडकं आणलं. दादा पाहुण्यांना वरचा मजला दाखवायला घेऊन गेला, कारण दुसरं काही त्याला सुचलं नाही.

वहिनी साखरेचं भांडं हातात घेऊन उभी होती. तिलाही आधी रागच आला होता. इतका, की भांडं आपटावंसं वाटलं. लाव तुला हवं तसं, म्हणाल्या होत्या, आणि आता सगळ्यांसमोर हे. पण एक गोष्ट तिला खटकली. मुद्दाम ओतणारं माणूस आधी साखरेचं कशाला सांगेल? आणि ते बोट पानाला लागलं तेव्हाचा तो चेहरा. दादानं आईचा ताठा पाहिला, ताठ्याच्या आधीचा चेहरा पाहिला नव्हता. वहिनीनं पाहिला होता. असा घाबरलेला चेहरा तिनं या बाईवर कधीच पाहिला नव्हता. मग तिला काल मान वर न करता निवडलेली भाजी आठवली, बोटांनी चाचपत निवडलेली.

ती चिमीच्या मागोमाग पुढच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

"त्यांना दिसत नाही."

चिमी फडकं बादलीत पिळत होती. ती पिळतच राहिली.

"कधीपासून?"

"थंडीपासून. त्याआधीही कमीच असणार."

"आणि मला फडताळ लावू दिलं."

"तुला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, वहिनी. आणि तिला तुला नाही म्हणायचंही नव्हतं."

वहिनीला रडू येईल असं चिमीला वाटलं होतं. वहिनीला रडू आलं नाही. तिचा आवाज खाली गेला. ती म्हणाली, मला सांगितलं असतं तर मी एक डबा हलवला नसता. तुम्ही दोघींनी मिळून मला आंधळ्या बाईच्या वाटेत दगड टाकायला लावला, आणि मी सकाळपासून खूश होते. गाणं म्हणत होते मी. तुम्ही ऐकलंत ना?

चिमीनं ऐकलं होतं. तिनं उरलेलंही सांगून टाकलं. आई हो म्हणणार आहे, आणि ते कुणासाठी.

वहिनी शिवायला आलेल्या पडद्यांच्या ढिगावर बसली. त्या मोठ्या खिडक्यांच्या स्वयंपाकघरात ती मनानं पुन्हा जाऊन आली. भलत्या फळीवर ठेवलेली वाटी, आणि तिला न लागलेला कुणाचाच हात. त्याच खोलीत सासूबाईंना उभं करून पाहिलं, आणि तिला तिथं फार वेळ राहवेना.

"दादाला सांग मग," चिमी म्हणाली. "तूच सांग. मी वचन दिलंय, तू नाही दिलंस."

वहिनीला शेगडीचं बटण आठवलं. दादाच्या सांगण्यावरून ते तिनंच काढलं होतं आणि आपल्या पर्समध्ये ठेवलं होतं. बाबा रोज सकाळी हात पुढं करायचे. "सूनबाई, माझं बटण द्या." आधी चेष्टेनं, मग रागानं, मग नुसताच हात. ते बटण अजूनही तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं. टाकवलं नव्हतं आणि लावायची वेळ आली नव्हती.

ती उठली. "चल," म्हणाली, "ते खाली येतील आता."

पाहुणे खाली आले. बाईंनी रोपाबद्दल चकार शब्द काढला नाही. चष्मा पुसून त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे वयानं मोठ्या माणसापासून विचारायला सुरुवात केली.

"हो," आई म्हणाल्या.

दादानं मान वर केली. बाईही गोंधळल्या. त्यांच्या तोंडून मघाचं रोप, असे दोन शब्द निघाले, पण कारण विचारायचं नाही हे आठवून त्या थांबल्या.

"रोपाचं वेगळं," आई म्हणाल्या. "माझं हो आहे."

दादाचा गेलेला रंग परत आला. तो हो म्हणाला, जरा मोठ्यानंच. म्हातारी शेवटी आपलीच आहे, तोंडानं फटकळ पण आतून मऊ, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिला विचारणं म्हणजे नुसता उपचार होता. तो चिमीशी कसं बोलायचं याची मनात जुळवाजुळव करू लागला.

"नाही," वहिनी म्हणाली.

दादाला वाटलं, तिनं प्रश्न ऐकलाच नाही.

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले मी."

बाईंनी चष्मा घातला. चिमीला विचारायची गरज उरली नव्हती. चिमी तोंडात आलेला शब्द गिळून बसली होती. सुटल्यासारखं वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची शरम वाटत होती. आईंचा हात टेबलावर पुढं सरकला, सुनेच्या दिशेनं. पण वहिनी आज रोजच्या खुर्चीत बसली नव्हती, त्यामुळे तो हात नुसताच टेबलावर राहिला.

बागवानानं निघताना रोप उचललं. मुळं भाजली असतील, म्हणाला, तरी नेतो. दिवसभरात तो बोलला ते तेवढंच.

दार लागल्यावर दादा बायकोपुढं उभा राहिला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पंपाच्या खोलीमागं रडत होतीस ती तूच ना?"

"मीच."

"मी आईला राजी केलं. चिमीशी वैर घेतलं. कुणासाठी?"

"मला तिथं जमणार नाही," ती म्हणाली.

"काय जमणार नाही?"

तिनं पर्सची चेन लावली, काढली, पुन्हा लावली. "कुणाची वस्तू कुठंही ठेवायची, ते."

दादा हसला. त्याचं ते हसणं चिमीला आवडलं नाही. तो म्हणाला, म्हणजे तूही शेवटी या घराचीच झालीस. मग पायात बूट घालून तो फिरायला निघून गेला. पुढचे कित्येक दिवस तो बायकोशी कामापुरतंच बोलणार होता, आणि त्याच्या बाजूनं पाहिलं तर त्याचं काही चुकत नव्हतं.

दिवस मावळत आला तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि तिथंच थबकल्या. आत कुणीतरी होतं. काचेच्या बरण्या एकेक करून फळीवरून उतरत होत्या.

"मी आहे," वहिनी म्हणाली.

वहिनी बरणी उचलायची, जागा आठवायची, ठेवायची. तिची तिलाच गंमत वाटली, की तिला सगळं पाठ होतं. इतकी वर्षं ज्याचा राग केला ते असं पाठ होऊन बसलं होतं.

"चिमीनं सांगितलं?" आईंनी विचारलं.

"नाही. साखरेवरून कळलं."

आई दाराला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तू हो म्हणायला हवं होतंस. मी मनानं तयार होते."

"मला राग आलाय, आई," वहिनी म्हणाली. तिनं हातातली बरणी खाली ठेवली. "तुमचा, चिमीचा, तुमच्या या फळ्यांचा. मी नाही म्हणाले म्हणून राग गेला असं समजू नका. तो जायचा नाही."

"जाऊ देऊ नकोस," आई म्हणाल्या. "मीही घालवला नसता."

बाहेर बराच काळोख झाला होता. वहिनीनं दिवा लावला नव्हता. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. कात्री दारामागच्या हुकाला गेली. मग तिनं मिठाची बरणी उचलली, डोळे मिटले, ओट्याच्या कडेपासून बोटं मोजली आणि ती खाली ठेवली. आई पुढं झाल्या आणि त्यांचा हात बरणीवर आला. तिथं सुनेचा हात अजून होता. तो त्यांनी बाजूला केला नाही.

"एक बोट डावीकडे," आई म्हणाल्या.

वहिनीनं बरणी सरकवली.

पुढचं दार वाजलं. दादा फिरून आला होता. पॅसेजमध्ये त्याच्या पावलांचा आवाज आला आणि त्यानं आत डोकावून दिवा लावला.

"अंधारात काय करताय दोघी?"

"आवरतोय," आई म्हणाल्या.